बंद घरातले पाहुणे

पाहुणे जातात आणि मागे काहीतरी ठेवून जातात. माझ्या कपाटाचा एक अख्खा खण चार्जरनी भरलाय. शिवाय एक डावा बूट आहे, दातांना लावायची तार आहे आणि कोणाचा तरी चष्मा आहे. या वस्तू निदान कोणीतरी फोन करून मागून घेतं. किस्से परत मागायला कोणी येत नाही, ते साठतच जातात. परवा बचतगटाच्या मीटिंगला बायका म्हणाल्या, "मंगल, ते तुझ्या बॅगवाल्यांचं सांग ना जरा." मी एकच सांगायला बसले आणि मीटिंग राहिली बाजूला.

आधी घरचं थोडं सांगते, म्हणजे तुमचा गोंधळ होणार नाही. माझा अजून होतो, ते सोडा.

पूर्णगडच्या किल्ल्याच्या खालच्या अंगाला आमची बौद्धवाडी. वीस वर्षं मी बालवाडी चालवली. आमचे हे रिक्षा चालवतात. बालवाडीचं काम सुटल्यावर मी घराला दोन खोल्या वाढवल्या. गुळगुळीत टाइल्स घातल्या, गिझर बसवला आणि ॲपवर फोटो टाकले. माझ्याकडे येणारी मंडळी हॉटेलात राहणारी नव्हेत. पाठीवर स्वतःपेक्षा मोठी बॅग, पायात स्लीपर आणि तोंडात पहिला प्रश्न, "सगळ्यात स्वस्त काय आहे?" रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर असं कोणी डोकं खाजवत उभं दिसलं, की हे त्याला रिक्षात घालून माझ्याकडे आणून सोडतात.

आमच्या अंगणाला लागूनच सीतारामदादांचं घर आहे. दादा म्हणजे ह्यांचे थोरले चुलतभाऊ. कचेरीत क्लार्क होते, आता रिटायर होऊन कल्याणला असतात. घर जांभ्या दगडाचं, कौलारू, शेणानं सारवलेल्या जमिनीचं. त्यांची आई, आमच्या माई, गेल्या तेव्हापासून अठरा वर्षं बंद. चावी माझ्या खुंटीला. आठवड्याला झाडायचं, खिडक्या उघडायच्या, पावसाआधी कौलं परतून घ्यायची, एवढं माझं काम. आणि एक अट. घरात कोणाला राहू द्यायचं नाही, एक रात्रसुद्धा नाही.

का? तर कूळ लागेल.

दादांचं म्हणणं असं, "आपल्या आज्याला जमीन मिळाली ती कूळकायद्यात. तो खोत पण असाच गाफील राहिला होता." एकदा मी चेष्टेनं म्हटलं, दादा, परदेशातला एखादा पोरगा दोन दिवस राहिला तर काय सातबाऱ्यावर नाव लावणार आहे? तर म्हणाले, "आज्यानं तरी कुठं आधी सांगून लावलं होतं?" आणि वर, "मंगल, ज्या दिवशी मला कळेल घरात परकं माणूस झोपलं, त्या दिवशी घर विकून मोकळा होईन. रिसॉर्टवाला मागे लागलाच आहे."

ते नुसतं बोलत नाहीत, करतील. माईंनी मला मासे साफ करायला शिकवले, नाळ पडलेल्या माझ्या पोराला पहिली आंघोळ त्यांनी घातली. ते घर पाडताना मला उभं राहून बघवणार नाही. आणि तरीसुद्धा मी त्या घरात पाहुणे ठेवते. दर रविवारी सकाळी दहाला दादांचा फोन येतो, "घर बंद आहे ना?" आणि वीस वर्षं पोरांना 'खरं बोलावं' शिकवलेली मी सांगते, "बंद आहे, दादा."

हे असं कसं झालं, तेच सांगते.

*

सुरुवात तीन वर्षांपूर्वी नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्यानं झाली. घरात अठरा माणसं, आणि ॲपवरचं बुकिंग बंद करायचं मी विसरले. दुपारी अंगणात बंगळुरूचं एक जोडपं उभं. बॅगा उतरवून पाणी मागतायत. टाइल्सच्या खोलीत ह्यांच्या तीन मावश्या पालथ्या पडलेल्या. पोरांना घालू कुठं?

मी दादांचं घर उघडलं. झाडलं, चटया टाकल्या आणि हात जोडून सांगितलं, बाबांनो, आजची एक रात्र काढा, उद्या तुम्हाला चांगली खोली देते.

दुसऱ्या दिवशी मावश्या गेल्या. मी टाइल्स पुसून घेतल्या, गिझर लावला, बोलवायला गेले तर दोघं हलायला तयार नाहीत. जमिनीवर पालथे पडून हात फिरवतायत. पोरगी मला हिंदीत विचारते, "हे फ्लोअरिंग कोणी केलं?"

हे मागून म्हणाले, "अर्धं म्हशीनं, अर्धं बायकोनं."

चार दिवस राहिली. जाताना नेटवर फोटो टाकून गेली. तेव्हापासून जो येतो तो म्हणतो, "ते बंद घर द्या." मी गिझर दाखवते, ते तोंड फिरवतात. मला आजपर्यंत कळलेलं नाही. आम्ही आयुष्यभर पैसे साठवून ज्या जमिनीवरून उठलो, तिच्यावर झोपायला ही पोरं हजार मैलांवरून येतात. शेवटी टाइल्सच्या खोलीत आता आम्हीच झोपतो.

एक मात्र खरं. माणसं राहायला लागली आणि भिंतींचा कुबट वास गेला. वाळवी लागायची ती थांबली. मी माझ्या मनाला हेच सांगत असते.

*

किल्ल्याचं ऐका. आमचा किल्ला लहान. म्हशी चरायला वर जातात आणि बायका लाकडाच्या मोळ्या घेऊन उतरतात, एवढी ती चढण.

एकदा पुण्याचा एक मुलगा आला. डोक्याला हेल्मेट, गुडघ्यांना पॅड, खांद्यावर दोराचं मोठं भेंडोळं. मला म्हणतो, "काकू, बेस व्हिलेज हेच ना?"

"हेच."

"वर पाण्याची सोय आहे?"

"तुला तहान लागायच्या आधी तू खाली येशील."

त्याला वाटलं मी त्याच्या तब्येतीचं कौतुक करतेय. थँक्यू म्हणून निघाला.

वाटेत त्याला आमच्या सुभद्राकाकी भेटल्या. सत्तरीच्या आहेत, डोक्यावर मोळी. त्यांनी दोर बघितला, हेल्मेट बघितलं आणि हातातला कोयता खाली ठेवून विचारलं, "कोण पडलं रे विहिरीत?"

त्याला बिचाऱ्याला मराठी येत होतं, पण प्रश्न कळेना. तो म्हणाला, "मला माहीत नाही." काकींना वाटलं, माणूस पडलंय पण नाव कळलेलं नाही. मोळी तिथंच टाकून त्या वाडीकडे धावत सुटल्या. दहा मिनिटांत अख्खी वाडी विहिरीवर. कोणी गळ सोडतंय, कोणी आपली पोरं मोजतंय. माझी जाऊ तर रडायलाच लागली, तिचा नवरा सकाळपासून दिसला नव्हता. तो नाक्यावर पत्ते खेळत होता, पण तिला काय ठाऊक.

अर्ध्या तासात हा पोरगा किल्ला बघून खाली आला. गर्दी बघितली, पुढे घुसला आणि दोर सोडून विहिरीत उतरलासुद्धा. तळापर्यंत जाऊन आला. एक कळशी सापडली.

संध्याकाळी जेवताना मला हळूच विचारतो, "काकू, पण नक्की कोण पडलं होतं?"

*

दिल्लीहून एक मुलगी आली होती. एकटी, तीन आठवडे किनाऱ्यानं फिरत निघालेली. तिला म्हणे 'ऑथेंटिक' जेवायचं होतं. मी पापलेट सांगितलं, मोदक सांगितले. नको म्हणाली. "तुमच्या आईच्या वेळी घरात जे शिजायचं ते करा."

मी पेज केली. नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी केली. तिनं पानाचे चार बाजूंनी फोटो काढले आणि एक घास खाऊन म्हणाली, "किती साधं, किती सुंदर."

माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, "बाय, माझी आई ही पेज उभ्यानं प्यायची. बसली असती तर पोरांना पुरली नसती. आम्हाला सुंदर बिंदर काही वाटत नव्हतं. आम्हाला भात हवा असायचा."

बोलले आणि मलाच वाईट वाटलं. पोरीनं फोन उलटा ठेवला. म्हणाली, "अजून थोडी मिळेल?"

मी वाढली. तिच्यासमोर बसून मीही प्यायले, कितीतरी वर्षांनी. तेवढ्यात आतून ह्यांचा आवाज, "मंगल, माझ्या नूडल्स झाल्या का गं?"

*

थिओ नावाचा एक फ्रेंच मुलगा दादांच्या पडवीत आठ दिवस होता. स्वभावानं गरीब. बालवाडीच्या सवयीनं मी सगळ्यांना चपला ओळीत लावायला लावते, तर हा माझ्यासुद्धा लावून ठेवायचा. एकच खोड होती. गणपतीपुळ्याच्या बाजारातून बासरी विकत आणली होती आणि ती त्याला वाजवता येत नव्हती.

रविवारी दहाला दादांचा फोन आला, आणि पडवीत ह्याचं सुरू.

"मंगल, आवाज कसला?"

"रेडिओ, दादा."

थोडा वेळ त्यांनी कान देऊन ऐकलं. "काय लावतात हल्ली. पूर्वी बरं असायचं."

सुटले म्हटलं. थिओ मंगळवारी गेला, बासरी इथंच विसरून. त्या दिवसापासून मी नियमच केला, रविवारी दहा वाजता सगळ्या पाहुण्यांनी पाच मिनिटं गप्प बसायचं. कोणी कारण विचारत नाही. त्यांना वाटतं आमच्यात ध्यानाची पद्धत आहे.

पण पुढच्या रविवारी दादा म्हणतात, "रेडिओ लाव बघू जरा. तो बासरीवाला सुधारला का बघतो."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी जन्मात शिट्टीसुद्धा वाजवलेली नाही. पण उठले, बासरी घेतली, भिंतीकडे तोंड करून फुंकायला लागले. दोन मिनिटं मी फोन धरून उभी. अंगणातली कोंबडी उठून पलीकडे गेली.

दादा म्हणाले, "आजचा माणूस त्याच्यापेक्षा बरा आहे."

हे अजून त्याच खुशीत आहेत. आलेल्या-गेलेल्याला सांगतात.

*

सगळेच किस्से हसायचे नसतात, एक असाही सांगते.

एक जोडपं आलं होतं, तिशीतलं, आपल्याकडचंच, मराठी. दोन वेळा बांगड्याचं तिखलं मागून मागून खाल्लं. बाईनं कृती लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचं लक्ष माझ्या भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे गेलं. मग बाहेर विहारावरच्या झेंड्याकडे. मग बाईनं गोड आवाजात आडनाव विचारलं. आमचं आडनाव गावावरून आहे, त्यातून काही कळत नाही.

"म्हणजे तुम्ही नक्की कोण?"

"मी मंगल. घर माझं."

संध्याकाळी म्हणाली, "आज आमचा उपास आहे, जेवण करू नका." मी म्हटलं, साबुदाणा भिजवते. "नको, नको. कडक उपास आहे."

हे भाडं सोडून परत येत होते, तर पावस गावच्या नाक्यावर दोघं वडापाव खातायत. परतीची एसटी निघून गेलेली. ह्यांनी रिक्षा थांबवली, दोघांना बसवलं आणि घरी आणून सोडलं. मी विचारलं, "बोललात की नाही काही?"

"विचारलं फक्त, उपास सुटला का म्हणून."

सकाळी उठून गेली. मला राग आला होता, आणि अजून येतो. हसत सांगते म्हणजे गेला असं समजू नका. गोंधळ पुढेच आहे. आठ दिवसांनी ॲपवर त्यांचं मत आलं. पाच स्टार. 'घरच्यासारखं वाटलं, जेवणाला तोड नाही.' आता ह्या माणसांना काय म्हणायचं, सांगा तुम्ही.

*

आता आम्ही पकडले गेलो तो किस्सा. म्हणजे जवळजवळ.

दादांच्या बहिणीचे यजमान, बंडूभाऊ, लांज्याला असतात. कधी येत नाहीत, पण त्या दिवशी पावसला काही कामाला आले होते आणि जाता जाता घर बघायला म्हणून अंगणात हजर. दादांच्या घराचं दार सताड उघडं. पुढ्यात तीन पायांचं स्टँड, त्यावर कॅमेरा, आणि वर आकाशात ड्रोन घोंगावतोय. इंदूरचे दोन मित्र होते, व्हिडिओ करत फिरणारे.

बंडूभाऊंनी मला विचारलं, "हे कोण?"

खरं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत कल्याणला बातमी आणि महिन्याभरात बुलडोझर. मी ड्रोनकडे बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "सर्व्हेवाले."

गावठाणाची ड्रोननं मोजणी होणार म्हणून वर्षभर बोलणं चाललंच होतं. बंडूभाऊंचा चेहरा बदलला. टोपी सारखी केली, दोघांना नमस्कार केला आणि मला म्हणाले, "चहा टाक. साधा नको, दुधाचा टाक."

मग त्या दोघांना घेऊन हद्दीवरून फिरायला लागले. "हा दगडी गडगा आमच्या सासऱ्यांच्या वेळचा. हा दगड मूळचा. हा फणस आमचा, पण फांदी तिकडे गेलीय, ती पण आमचीच धरा. इथे शेजाऱ्यानं दोन वीत सरकवलंय, हे लिहून घ्या." शेजारी म्हणजे आम्ही. मी चहाचा ट्रे घेऊन मागून चाललेय आणि माझ्याच तोंडावर माझी चोरी सांगतायत. दोघं मित्र मान डोलावतायत, शूटिंग करतायत. एकानं तर गडग्याला हात लावून डोळे मिटले.

तास-दीड तास उन्हात फिरवलं. शेवटी बंडूभाऊंनी त्यांना पिशवीभर कोकमं दिली आणि जड आवाजात म्हणाले, "साहेब, गरिबावर लक्ष असू द्या." इंदूरवाल्यांनी त्यांना मिठी मारली.

रविवारी दादांचा फोन. "मंगल, सर्व्हे होऊन गेला म्हणे आपल्या घराचा. माणसं फार चांगली होती म्हणतो बंडू. आता कागद कधी मिळणार?"

तो कागद ते अजून विचारतात.

*

आता शेवटचा. हा यंदाच्या फेब्रुवारीतला.

शनिवारी एक मुलगी आली. बुकिंगवर नाव अस्मिता. पंचविशीची, बॅग बाकीच्यांपेक्षा लहान. मला मावशी म्हणाली, चपला न सांगता ओळीत लावल्या. तिनं दादांचंच घर मागितलं होतं.

पहिल्यापासून मला ती कळेचना. एकही फोटो काढला नाही. किल्ला बघायला गेली नाही, समुद्रावर गेली नाही. नुसती घरात फिरत राहिली, चौकटीवरून हात फिरवत. सगळे पाहुणे पडवी मागतात, वारा येतो म्हणून. मी गादी तिथंच घातली होती. हिनं उचलून माजघरात नेली. घराचं मागचं दार फुगलेलं असतं, कोणालाही उघडत नाही. मी सांगायला गेले तर ही खांदा लावून, उघडून, परसात उभी.

म्हटलं, ही रिसॉर्टवाल्यानं पाठवलेली दिसते. घर बघायला आलीय, मोजमाप घ्यायला. ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं. हे म्हणाले, "मोजायला आलेलं माणूस झाडू मारतं का?" बघते तर ती अंगण झाडत होती. मी म्हटलं, पाहुणी आहेस बाय, ठेव ते. "असू दे, मावशी," म्हणाली आणि झाडत राहिली.

रविवारी सकाळी मी दादांच्याच पडवीत चूल मांडून घावन घालत होते. पाहुण्यांना गरम गरम लागतात. ती समोर बसली होती. म्हणाली, "मावशी, इथं आधी कोण राहायचं?"

मी माईंचं सांगितलं. मासे साफ करायला कशा शिकवायच्या, चुकलं की हातावर चापट कशा मारायच्या, आणि संध्याकाळी त्याच हाताला खोबरेल कशा लावायच्या. पोरीचा चहा हातातच राहिला.

"आणि त्यांचा मुलगा?"

"दादा होय? ते कल्याणला. माई गेल्या तेव्हा आठ दिवस होते. कुलूप लावलं ते लावलं. दर वर्षी येतो म्हणतात, येत नाहीत. बोलतात कूळ लागेल, कूळ लागेल. पण खरं सांगू, मला वाटतं त्यांना आईशिवाय ह्या घरात पाऊलच टाकवत नाही. मग दुसऱ्या कोणी टाकलेलं कसं सोसेल?"

हे मी आजवर ह्यांनासुद्धा बोलले नव्हते. एका परक्या मुलीला का सांगितलं, मला समजलं नाही. नेहमीचा नियम तेवढा सांगून ठेवला, की दहाला फोन येईल, तेव्हा बाय जरा गप्प बस.

दहाला फोन आला. माझे दोन्ही हात पिठात. कोपरानं बटण दाबलं ते स्पीकरच सुरू झाला.

"मंगल, घर बंद आहे ना?"

"बंद आहे, दादा."

"आत कोणी नाही ना?"

"नाही, दादा. आत कोण असणार?"

ती मुलगी उठली. चहाचा कप खाली ठेवला आणि फोनजवळ येऊन वाकली.

"पप्पा, मी आहे आत."

माझ्या हातातला पिठाचा डाव तव्यावर पडला. मला वाटलं फोन कट झाला. मग दादा एकदम हळू म्हणाले, "पिंकी?"

पिंकी म्हणजे दादांची मुलगी. माई गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला आली होती तेव्हा सात वर्षांची होती, दोन वेण्या आणि पुढचे दात पडलेले. त्यानंतर कधी आणलीच नाही. तिचं कागदावरचं नाव अस्मिता आहे, हे मला कोण सांगणार? नेटवरच्या फोटोंत तिनं आजीची पडवी ओळखली होती, हे तिनं मला मागाहून सांगितलं.

"तू पुण्याला ट्रेनिंगला आहेस ना?"

"नाही गेले. इकडे आले. तुम्ही आणत नाही, म्हणून माझी मी आले."

आता घर गेलं, मी मनात म्हटलं. चावी गेली, माईंची पडवी गेली, आणि वर तीन वर्षांचा माझा खोटेपणा उघडा पडला. ह्यांनी रिक्षा पुसता पुसता हात थांबवले.

दादांनी विचारलं, "मागचं दार उघडलं का तुला?"

"उघडलं. खांदा लावून. तुम्हीच सांगायचात ना."

"आई तसंच उघडायची." त्यांचा आवाज फुटला. रडत होते की खोकत होते, मला कळलं नाही. माझे मात्र डोळे भरून आले, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"झोपलीस कुठं?"

"माजघरात. आजीच्या जागेवर."

"बरं केलंस," दादा म्हणाले. मग घसा खाकरून, नेहमीच्या आवाजात मला म्हणाले, "मंगल, ऐकतेस ना? पोरगी किती दिवस आहे तिकडे?"

मला सांगायचं होतं, तिचंच घर आहे, राहील हवी तितकी. अगदी ओठांवर आलं होतं. पण तीन वर्षांची तोंडाला लागलेली सवय.

मी म्हटलं, "उद्या सकाळी दहाला चेकआउट आहे, दादा."